आम्ही आणि आपण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपल्या ग्रंथालयाचे जुने ग्रंथपाल, वाचकाने पुस्तक परत आणले की प्रथम त्याची पाने तपाशीत, मग चष्म्यावरून त्या वाचकाकडे पाहत आणि 'काय, कसे वाटले?' एवढेच विचारीत. आणि या प्रश्नाला काहीतरी उत्तर मिळाल्याखेरीज नोंदवहीत परतीची तारीख पडत नसे, हे येथे बसलेल्या माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल. त्या धाकाने आम्ही कित्येक पुस्तके खरोखरच वाचली. आजचा माझा विषय अशाच धाकाने वाचलेल्या काही कादंबऱ्यांचा आहे.

आदर्श राज्याच्या कल्पनाचित्राला युरोपात युटोपिया म्हणतात, आणि त्याच्या उफराट्या चित्राला, म्हणजे जेथे सारे काही सुव्यवस्थित असून माणूस मात्र गुदमरला आहे अशा राज्याच्या कथेला, डिस्टोपिया. मी आपला त्याला दुःस्वप्नराज्य म्हणणार आहे. या कथांविषयी एक मत इतके रूढ झाले आहे की त्याची छाननी करण्याची कोणास गरजच वाटत नाही. ते असे, की या कथांत एका बाजूस व्यक्ती उभी असते, दुसऱ्या बाजूस समूह, आणि लेखक व्यक्तीचा वकील असतो. व्यक्तिवाद विरुद्ध समष्टिवाद, असा हा सरळ दावा. मला हा दावा मुळातच चुकीच्या नावाने दाखल झालेला वाटतो, आणि तसे का वाटते ते सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. 'उद्या आम्ही आळंदीला जाणार' असे मी म्हटले, तर आपणांस आमंत्रण नाही हे आपण निमूट ओळखता. 'उद्या आपण आळंदीला जाऊ' असे म्हटले, तर आपणांस पिशवी भरावी लागते. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही, रशियनलाही येत नाही. मराठीत तो शेतकऱ्याच्या पोरालाही कळतो. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. शिवाय हाच 'आपण' समोरच्याला मान देतानाही वापरतो: 'आपण बसावे'. आणि हाच स्वतःसाठीही: 'आपले आपण करावे'. समूह, समोरचा माणूस आणि स्वतः, या तिघांना एकाच शब्दात नांदवणारी ही आपली भाषा. तिच्या उजेडात या परकीय कादंबऱ्या पाहिल्या तर काय दिसते?

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास जी कादंबरी लिहिली, तिचे नावच मुळी 'आम्ही' असे आहे. किंवा 'आपण'. कोणते, हे रशियन शब्द सांगत नाही. आणि गंमत अशी की त्या रशियन शब्दाचा उच्चार आपल्या कानाला जवळजवळ 'मी' असाच ऐकू येतो! कादंबरीतील एकसंघ राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नायक डी-५०३ हा 'इंटिग्रल' नावाच्या अंतराळयानाचा प्रमुख अभियंता. घरे काचेची, त्यामुळे शेजारी काय करतो हे सर्वांस सर्वकाळ दिसते. गुलाबी चिठ्ठी दाखवली तर ठराविक वेळापुरती पडदे सोडण्याची मुभा. दिवसाचा सारा कार्यक्रम तासांच्या जाबत्याबरहुकूम. घास किती वेळा चावायचा तेही ठरलेले, पन्नास वेळा. खासगी म्हणून दिवसातून दोन तास शिल्लक आहेत, आणि तेवढी बेशिस्त अजून उरली याची आमच्या या अभियंत्याला प्रामाणिक खंत आहे. नगराभोवती हिरवी भिंत, भिंतीपलीकडे रान.

हे सारे वाचून वाचक झटकन म्हणतो, की हा रशियन क्रांतीवरचा उपहास. तो आहेच. परंतु झाम्यातिन हा मनुष्य कोण होता? तो स्वतः नौकाबांधणीचा अभियंता, तरुणपणी बोल्शेविक, १९०५ च्या धामधुमीत झारच्या पोलिसांनी पकडलेला. आणि १९२२ साली बोल्शेविकांनी त्याला पुन्हा तुरुंगात टाकले ते त्याच तुरुंगाच्या त्याच बोळात. सरकारे बदलली, क्रांती झाली, बोळ तोच राहिला. मधल्या काळात, १९१६-१७ साली, रशियासाठी बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यास तो इंग्लंडात न्यूकॅसलला राहिला होता. त्यांतल्या एका जहाजाचे नाव होते 'सेंट अलेक्झांडर नेव्हस्की'. क्रांतीनंतर त्याचेच 'लेनिन' झाले. बर्फ फोडण्याचे काम मात्र जहाजाने नावाकडे न पाहता चालू ठेवले.

या न्यूकॅसलच्या मुक्कामातून त्याची एक छोटी कादंबरिका निघाली, 'बेटवासी'. तीत एक इंग्रज धर्मोपदेशक आहे. त्याने सक्तीच्या मोक्षाची एक योजना आखली आहे: जेवणाची वेळ ठरलेली, पश्चात्तापाची ठरलेली, पत्नीच्या सहवासाचा वारही ठरलेला. म्हणजे पाहा, तासांचा तो जाबता झाम्यातिनला प्रथम दिसला तो मॉस्कोत नव्हे. जो देश व्यक्तिस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणून मिरवत होता त्या देशातल्या एका सुशिक्षित, सुस्नात, रविवारी देवळात जाणाऱ्या उपनगरात तो त्याला दिसला!

आणि त्या एकसंघ राज्यात प्राचीनांपैकी सर्वांत थोर म्हणून कोणाला पूजतात? मार्क्सला नव्हे. फ्रेडरिक टेलरला. हा अमेरिकन गृहस्थ. मजुराच्या प्रत्येक हालचालीची घड्याळ लावून मोजणी करायची, तिच्यातून फालतू हालचाल गाळायची आणि उरलेली त्याच्याकडून करवून घ्यायची, हे त्याचे शास्त्र. त्यावरचे त्याचे पुस्तक १९११ साली निघाले. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहणाऱ्या मजुराकडून आपण सत्तेचाळीस टन वाहून घेतले, असा त्याचा दावा होता. मजुरी वाढली ती एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर. लोखंड जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. हिशेब आपण करावा. आता हे शास्त्र भांडवलदारांच्या देशातले. पण १९१८ साली लेनिनने स्पष्ट सांगितले की रशियाने टेलरची पद्धत अभ्यासली पाहिजे, आणि पुढे मॉस्कोत श्रमशास्त्राची एक संस्थाच निघाली. एकीकडे व्यक्तिवादाचा जयघोष, दुसरीकडे समष्टिवादाचा. आणि दोघांच्या हातात घड्याळ एकच. मग भांडण कोणाचे आणि कोणाशी? झाम्यातिनला हे १९२० साली दिसले. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना ते पुढे कितीतरी वर्षे दिसले नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता याच्या अगदी उलट टोकाकडे चला. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार आपल्याला परका नाही. १९२१ साली तो देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा महाराजांकडे खासगी कारभारी म्हणून राहिला होता, आणि त्या दरबारच्या गमती त्याने मोठ्या जिव्हाळ्याने पुढे लिहून ठेवल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९०९ साली, त्याने 'यंत्र थांबते' अशा अर्थाच्या नावाची एक दीर्घ कथा लिहिली. तीत समूह म्हणून काही नाहीच. प्रत्येक माणूस जमिनीखाली मधमाशीच्या घरासारख्या आपापल्या खोलीत एकटा बसलेला. कळ दाबली की अन्न येते, कळ दाबली की संगीत येते, कळ दाबली की सहस्रावधी ओळखीच्या माणसांशी बोलता येते. काचेच्या घरांची सक्ती नाही, मोर्चे नाहीत, कवायत नाही. कोणी कोणास स्पर्श करीत नाही, कारण तो शिष्टाचार नव्हे. कथेतील आई व्याख्याने देते. हे वाचताना मी दचकलोच, कारण ही बाई आपल्या खुर्चीत बसून बोलते, श्रोते आपापल्या खुर्चीत बसून ऐकतात, आणि सगळे मिळून दहा मिनिटांत आटोपते. येथे घामाघूम होऊन दाटीवाटीने बसलेल्या आपणां सर्वांकडे पाहून मला किती समाधान वाटत आहे याची कल्पना आपणांस येणार नाही. तर या बाईच्या मुलाची एकच मागणी आहे: आई, तू यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेटायला ये.

मी विचारतो, या कथेत व्यक्तिवाद जिंकला की हरला? प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे, स्वतंत्र आवडनिवड आहे, कोणाचा कोणास उपद्रव नाही. व्यक्तिवाद्याने आणखी काय मागावे? आणि तरीही तेथे एक धड माणूस सापडत नाही. जो एक सापडतो तो आईला हाक मारणारा मुलगा. 'आपल्याला काय त्याचे?' असे आपण हल्ली वारंवार म्हणतो. 'आपण' या शब्दातून समोरच्याला बाहेर काढून कडी लावून घेतली की जे उरते, ते ही फॉर्स्टरची खोली होय.

आता ऑर्वेल. याचा जन्म १९०३ साली आपल्याच देशात, बिहारमधील मोतीहारीस झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात. स्वतः ब्रह्मदेशात पाच वर्षे पोलीस अधिकारी. त्याची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली निघाली आणि तेव्हापासून समष्टिवादाविरुद्धचा साक्षीदार म्हणून जो तो त्याला आपल्या बाजूने कठड्यात उभा करीत आला आहे. परंतु साक्षीदाराची पूर्वीची जबानी कोणी वाचली आहे काय? १९३६ च्या डिसेंबरात तो स्पेनला फ्रँकोविरुद्ध लढण्यास गेला, तेव्हा बार्सिलोना शहर कामगारांच्या ताब्यात होते. तेथे त्याने काय टिपून ठेवले? तोफा नव्हेत. त्याने टिपले की हॉटेलातला वाढपी गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, बक्षिसी घेण्यास मनाई आहे, आणि अहोजाहो संपून जो तो एकमेकांस अरे-तुरे करू लागला आहे. सर्वनामे बदलली, हे या माणसाच्या कानाने प्रथम टिपले! त्या गर्दीत तो सुखी होता. जन्माने साहेब असलेल्या या एकलकोंड्या गृहस्थाला आयुष्यात एकदा 'आपण' या शब्दाचा अर्थ अनुभवास आला, आणि तो समूहात अनुभवास आला.

मग काय झाले? १९३७ च्या मे महिन्यात त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यातून तो वाचला. परंतु जूनमध्ये, ज्या पक्षाच्या पथकात तो लढला होता तो पक्षच स्वतःच्याच बाजूच्या सरकारने, कम्युनिस्टांच्या दबावाखाली, बेकायदा ठरवला. सोबती तुरुंगात गेले, आणि हा पत्नीसह सरहद्द ओलांडून निसटला. '१९८४' ही कादंबरी हा अनुभव मनात ठेवूनच वाचली पाहिजे. तीत जे मेले आहे ते व्यक्तिस्वातंत्र्य तर आहेच, पण त्याआधी मेलेली आहे सोबत.

पाहा ना, त्या कादंबरीतल्या लंडनमध्ये माणसे सतत एकत्र आहेत. एकत्र किंचाळतात, एकत्र व्यायाम करतात, एकाच भोजनगृहात एकाच बेचव रश्शात पाव बुडवतात. परंतु पार्सन्स नावाचा जो भोळा, घामट, पक्षनिष्ठ शेजारी आहे, त्याची चिमुरडी मुलगी दाराच्या किल्लीच्या भोकातून त्याचे झोपेतले बरळणे ऐकते आणि पोलिसांत वर्दी देते. आणि तुरुंगातही त्याला पोरीचा अभिमानच वाटतो. घर गेले, मैत्री गेली, नवराबायको गेली. माणूस आणि राज्य यांच्यामध्ये जे जे काही लहानसे, उबदार, स्वतःच्या पायावर उभे होते ते ते सारे उपटून काढले, आणि त्या मोकळ्या मैदानावर एकेकट्या माणसांची प्रचंड रास रचून तिला समूह असे नाव दिले. याला समष्टिवाद म्हणायचे? मी तर म्हणेन की त्या राज्यात एकही समूह शिल्लक नाही.

ऑर्वेलच्या कथेतला सर्वांत क्रूर डाव सर्वनामाचाच आहे, आणि इंग्रजी वाचकाच्या तो चटकन ध्यानात येत नाही. नायक विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्यूलिया हे दोघे ओब्रायन या पक्षातल्या बड्या अधिकाऱ्याच्या घरी जातात. तो त्यांच्यासाठी मद्य ओततो आणि गुप्त संघटनेविषयी बोलू लागतो. त्या बोलण्यातले प्रथमपुरुषी अनेकवचन मराठी अनुवादकाने कसे उतरवावे? तेथे 'आपण'च हवे, कारण त्या दोघांना तसेच ऐकू येते. आपल्याला आत घेतले, असे त्यांना वाटते. पुढे छळाच्या कोठडीत तोच ओब्रायन तेच इंग्रजी सर्वनाम वापरतो, आणि आता अनुवादकाला 'आम्ही' लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजीत काहीच बदलले नाही. मराठीत दार बंद झाल्याचा आवाज येतो. त्या दोघांना ज्या खोलीत पकडतात तेथेही हेच. स्वतःच्या मरणाविषयी एक छोटे वाक्य ते एकमेकांशी बोलतात, आणि तसबिरीमागे दडवलेल्या यंत्रातून तेच वाक्य परत येते. फक्त त्यातल्या 'आपण'च्या जागी 'तुम्ही' आलेले असते.

हक्स्ले या इंग्रज कादंबरीकाराविषयी फार बोलत नाही, वेळ थोडा आहे. १९२५-२६ साली तो आपल्या देशात येऊन गेला, आणि पूर्वेकडच्या त्याच प्रवासात बोटीवरच्या ग्रंथसंग्रहात त्याला हेन्री फोर्डचे आत्मवृत्त सापडले. त्याच्या १९३२ च्या कादंबरीत शक मोजतात तो फोर्डच्या नावाने. एका गर्भापासून शहाण्णव जुळी निघतात, आणि दुःख झालेच तर त्यावर गोळी मिळते तिचे नाव सोम. ऋषींचा सोम असा गोळीत वळलेला पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. तेथे एकटे बसणे हा असभ्यपणा आहे, एवढे सांगून पुढे जातो.

आयन रँडबाईंचा मात्र परामर्श घेतला पाहिजे, कारण व्यक्ती विरुद्ध समूह हा दावा खऱ्या अर्थाने त्यांनी चालवला. पेट्रोग्राडात वडिलांचे औषधाचे दुकान सरकारजमा झाले, तो घाव घेऊन १९२६ साली त्या अमेरिकेस गेल्या. १९३८ च्या त्यांच्या छोट्या कादंबरीत 'मी' हा शब्दच भाषेतून नाहीसा झालेला आहे. नायक स्वतःलाही अनेकवचनाने संबोधतो, विजेचा दिवा नव्याने शोधून काढतो, आणि विद्वानांची सभा तो नामंजूर करते, कारण त्यामुळे मेणबत्ती खात्याची व्यवस्था कोलमडेल. हा प्रसंग फर्मास आहे. आपल्या कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या कोणासही तो पटेल. पण शेवटी काय होते? रानात त्याला एक जुने घर सापडते, पुस्तके सापडतात, त्यांत 'मी' सापडतो, तो स्वतःला नाव घेतो. आणि लगोलग सोबत आलेल्या स्त्रीचेही नाव तोच ठरवतो. तुला कोणते नाव हवे, असे तिला विचारण्याचे त्याला सुचत नाही. बाईंनाही सुचले नाही! ज्या क्षणी 'मी' जन्मास आला त्याच क्षणी त्याने पहिले फर्मान काढले. 'आम्ही'ची जागा 'मी'ने घेतली. समोरचा बाहेर होता, तो बाहेरच राहिला.

येथे आपल्यापैकी कोणी मला अडवील, आणि त्याने अडवावे. लहान समूहांचे एवढे गोडवे गाता, पण या देशात त्याच लहान समूहांनी माणसाला कसे वागवले ते विसरलात काय? घर, जात, गाव, भावकी. यांच्यापुढे त्या एकसंघ राज्याची काचेची भिंत काय कडक आहे? पुण्यात सुधारक आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली, ती कोण्या हुकूमशहाने काढली नव्हती. शेजाऱ्यांनी काढली होती. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी, गाव हा घटक टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याबद्दल उघड समाधान व्यक्त केले. गावकुसाबाहेर ज्याला ठेवले त्याला गावाचा 'आम्ही' म्हणजे काय ते पुरते माहीत होते. बाहेर कोण, हे ठरवण्यासाठीच तो शब्द होता. हा आक्षेप मी मान्य करतो. समूह लहान आहे म्हणून तो 'आपण' होत नाही. बाबासाहेबांनी व्यक्तीला घटक केले, आणि त्याच घटनेच्या सरनाम्यात बंधुता हाही शब्द बसवला. हे दोन शब्द एकाच कागदावर सुखाने नांदतात की कसे, याचा निकाल मला आज येथे देता येत नाही. एवढेच दिसते, की ज्याला गावाने आत घेतले नाही त्याच्यासाठी 'मी' हा शब्द मिळणे ही चैन नव्हती.

आता पुन्हा झाम्यातिनकडे वळतो, कारण त्याच्या कादंबरीतली एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. डी-५०३ रोजनिशी लिहितो. कशासाठी? दूरच्या ग्रहांवर जे अज्ञात जीव असतील त्यांना बुद्धीच्या जोखडाखाली आणण्यासाठी 'इंटिग्रल' जाणार आहे, आणि त्यातून राज्याची स्तुतिस्तोत्रे पाठवायची आहेत. म्हणजे प्रारंभी त्या लिखाणाचा वाचक हा जिंकायचा मुलूख आहे: आम्ही सांगतो, तुम्ही ऐका. परंतु नोंदीमागून नोंद लिहिताना या अभियंत्याचे काहीतरी बिनसत जाते. आय-३३० नावाची एक बंडखोर स्त्री त्याच्या आयुष्यात येते, रात्री झोप उडते, वैद्य सांगतो की तुम्हाला आत्मा झाला आहे आणि लक्षण ठीक नाही. आणि तो त्या न पाहिलेल्या वाचकाला विश्वासात घेऊ लागतो, त्याची क्षमा मागतो, त्याला विचारतो की तुम्हालाही असे कधी झाले काय? त्याचा 'मी' जन्मतो तो समोर कोणीतरी आहे, या भावनेतून. विन्स्टनचेही तसेच, तोही रोजनिशी कोणाला उद्देशून लिहावी या विवंचनेत आहे. मार्गारेट अ‍ॅटवुडबाईंच्या १९८५ च्या कादंबरीतील दासी तर कागदपेन्सिलीवाचून मनातल्या मनात कथा सांगते, पण सांगते ती कोणाला तरीच.

झाम्यातिनला स्वतःला मात्र वाचक मिळण्यास फार वेळ लागला. पुस्तक प्रथम छापले गेले ते १९२४ साली न्यूयॉर्कला, इंग्रजी अनुवादात. १९३१ साली त्याने स्टालिनला अर्ज केला, की ज्याला लिहू देत नाहीत त्या लेखकाला ही देहान्ताचीच शिक्षा आहे, तरी देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळावी. ती मिळाली, आणि १९३७ साली तो पॅरिसमध्ये वारला. मूळ रशियन पुस्तक संपूर्ण छापले गेले १९५२ साली, तेही न्यूयॉर्कला. आणि त्याच्या स्वतःच्या देशात १९८८ साली.

मला कोणी हे पुस्तक मराठीत आणावयास सांगितले, तर मुखपृष्ठावर मी 'आम्ही' असेच लिहीन. चाळिसाव्या नोंदीतही तेच. तोवर शस्त्रक्रियेने डी-५०३ची कल्पनाशक्ती काढून टाकलेली आहे. काचेच्या घंटेखाली आय-३३०चा छळ चाललेला तो शेजारी बसून पाहतो, ती कोणाचेही नाव सांगत नाही, आणि ही बाई कोण ते त्याला ओळखू येत नाही. मात्र त्याच्या थोडे आधी एक प्रकरण आहे. ओ-९०, राज्याने मूल होऊ देण्यास अपात्र ठरवलेली ती बुटकी, गोबऱ्या गालांची स्त्री, डी-५०३पासून राहिलेला गर्भ घेऊन जीव वाचवायला निघते, आणि तिला हिरव्या भिंतीपलीकडे पोचवते ती तिची सवत आय-३३०. दोघी एकमेकींशी वाटेत काय बोलल्या ते झाम्यातिनने लिहिलेले नाही. लिहिले असते तर त्या पानावर माझी लेखणी अडली असती, आणि मग बहुधा मी दुसरा शब्द घातला असता.